मेटल बँड जुन्या आवाजाकडे परततो, तेव्हा नक्की काय करतो?

दर दोन-चार वर्षांनी एखादा साठीला टेकलेला मेटल बँड, म्हणजे रॉक संगीतातला जड गिटारींचा प्रकार वाजवणारा, नवा अल्बम काढतो आणि जाहीर करतो, ‘या खेपेला आम्ही सुरुवातीच्या आवाजाकडे परतलोय.’ सांगलीत विश्रामबागला माझ्याकडे गिटार शिकायला येणाऱ्या पोरांना ही बातमी माझ्या आधी लागलेली असते. “सर, ऐकलं का? एकदम पहिल्यासारखं वाजवलंय!” मग त्यांच्यातलाच एखादा विचारतो, “पण सर, पहिल्यासारखं म्हणजे काय? माणसं तीच, गिटार तीच. मग मधल्या काळात आवाज गेला कुठं?”

प्रश्न रास्त आहे. बँडचा आवाज हाताला लागणाऱ्या, अगदी साध्या निर्णयांतून घडतो. तारा किती ओढल्या, वाजवताना हात कुठं टेकवला, सगळे एका खोलीत बसून वाजवत होते की एकेकटे, ड्रम कसा लावला, गाणं किती लांबवलं, आणि अल्बम कारखान्यात पाठवण्याआधी आवाज किती चढवला. निर्णय बदलले की आवाज बदलतो. तेच निर्णय पुन्हा घेतले तर बराचसा परत येतो. थोडा मात्र कितीही खटपट केली तरी येत नाही. यातलं काय येतं आणि काय राहून जातं, हे दोन अल्बमांत स्वच्छ ऐकू येतं: ब्लॅक सॅबथचा २०१३ सालचा ‘थर्टीन’ आणि मेटालिकाचा २००८ सालचा ‘डेथ मॅग्नेटिक’. दोन्हींचा निर्माता एकच, रिक रुबिन.

हे समजून घ्यायला आपला भाग सोयीचा आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तारेचा ताण आणि घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा) उतार यावर पिढ्यान्पिढ्या पोट चाललंय. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि कुपवाडच्या एमआयडीसीत पत्र्याचे प्रेस दिवसरात्र चालतात. हेवी मेटलच्या आवाजाची गोष्ट अशाच एका प्रेसपासून सुरू होते.

प्रेसखाली गेलेली बोटं

टोनी आयोमी हा ब्लॅक सॅबथचा गिटारवादक. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम हे त्याचं गाव, कारखान्यांचं. सतराव्या वर्षी तो पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगचं काम करत होता. नोकरी सोडून वाजवायला जायचं ठरलं होतं आणि तो कामाचा शेवटचा दिवस होता. प्रेसवरचा माणूस त्या दिवशी आला नव्हता म्हणून आयोमीला प्रेसवर बसवलं. ज्यांनी पॉवर प्रेस चालवलाय त्यांना पुढचं सांगायला नको. पत्रा डायवर सरकवायचा, हात मागं घ्यायचा, प्रेस खाली येतो. हात मागं यायला क्षणभर उशीर झाला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आयोमी डावखुरा. म्हणजे उजवा हात तारा दाबायचा. ज्या बोटांनी सूर धरायचे नेमकी तीच गेली.

डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितलं. कारखान्यातल्या त्याच्या वरिष्ठानं त्याला एक रेकॉर्ड आणून ऐकवली, जँगो राइनहार्टची. हा जाझमधला थोर गिटारवादक, आगीत भाजल्यामुळे डाव्या हाताची दोन बोटं निकामी झालेली, आणि तरी तसा वाजवणारा. आयोमीनं भांडी धुवायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, घासून मापात आणल्या, त्यावर चामडं चिकटवलं. तरी तार दाबताना दुखायचं, आणि टोपीमुळे तार किती दाबली गेली ते बोटाला समजायचं नाही. म्हणून त्यानं तारा बारीक वापरल्या. त्या काळी इतक्या बारीक तारांचा संच बाजारात मिळत नसे, तेव्हा बँजोच्या तारा गिटारला लावल्या.

१९७१ च्या तिसऱ्या अल्बमात, ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’त, त्यानं आणखी एक गोष्ट केली. बऱ्याच गाण्यांत अख्खी गिटार खाली उतरवली. गिटारची सगळ्यात जाड तार नेहमी आपल्या पेटीच्या पांढरी तीनला मिळवलेली असते. ती आली काळी एकला, बाकीच्या पाचही तेवढ्याच खाली. पेटीवर तीन पट्ट्यांचं अंतर. ऐकायला थोडं वाटतं. पण तारेचा ताण सुराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे सूर फक्त १६ टक्के उतरला तरी ताण जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होतो. जखमी बोटांसाठी तो फरक मोठा होता.

आवाजासाठी त्याहून मोठा. ढिली तार छेडली की जास्त लांब हेलकावते, आधी किंचित चढून मग सुरावर बसते, आणि तिच्यात एक जाडसर, घरंगळणारा भार येतो. बास गिटार वाजवणाऱ्या गीझर बटलरनंही आपल्या तारा तेवढ्याच उतरवल्या. आज जगभर जे बँड खाली उतरवलेल्या गिटारींवर संथ, जड वाजवतात त्यांचं मूळ इथं आहे.

इथं एक गोष्ट नीट ध्यानात ठेवायची. सॅबथच्या पहिल्या दोन अल्बमांत तारा नेहमीच्याच पट्टीत होत्या. ‘जुना आवाज म्हणजे खाली उतरवलेली गिटार’ असं मानून कुणी परत गेला तर तो तिसऱ्या अल्बमाकडे जातो, पहिल्याकडे नाही. सुरुवातीचा काळ म्हणून आपण जे एकत्र बांधतो त्यात दोन-तीन वेगवेगळे आवाज असतात. त्यातला कुठला हवाय हे ठरवावं लागतं.

सा, प आणि जवारी

आता विकृत आवाज, म्हणजे डिस्टॉर्शन. घरातली वडीलधारी मंडळी मेटल ऐकून ‘स्पीकर फाटलाय का?’ असं विचारतात, ते शास्त्राच्या दृष्टीनं अगदी बरोबर असतं. अॅम्प्लिफायरला झेपेल त्याहून मोठा संकेत दिला की लहरींचे माथे कापले जातात. कापलेल्या माथ्यांमधून मूळ सुराचे वरचे-वरचे स्वर, आपण ज्यांना स्वयंभू स्वर म्हणतो ते, मोठ्या संख्येनं बाहेर येतात. आवाज खरखरीत होतो आणि भरतोही.

मिरजेत हेच काम वीज न वापरता करतात. सतारमेकर गल्लीतल्या एका दुकानात मी बरेचदा जाऊन बसतो. चाचा तानपुऱ्याची घोडी कानशीनं घासत असतात, इतक्या हलक्या हातानं की नुसतं पाहून काही बदललं असं वाटत नाही. दोन-चार हात फिरवून तार छेडतात, कान देतात, “अजून बंद आहे” म्हणतात, पुन्हा दोन हात. मग तारेखाली सुताचा धागा घालून तो केसभर पुढं-मागं सरकवतात. एका ठिकाणी येतो आणि तार एकदम बोलायला लागते. घोडीच्या किंचित गोलाईवर तार हलका स्पर्श करत थरथरते आणि त्यातून वरचे स्वर फुटतात. खुली जवारी म्हणतात ती हीच. गिटारचा अॅम्प्लिफायर आणि ही घोडी यांचे मार्ग वेगळे, पण कानाला मिळतं ते एकाच जातीचं: एका तारेतून निघालेला सुरांचा जथा.

यातूनच मेटलचं दुसरं गुपित उलगडतं. मेटलमध्ये गिटारवाले पूर्ण कॉर्ड क्वचित वाजवतात. षड्ज आणि पंचम, फार तर वरचा षड्ज, एवढंच. याला ते पॉवर कॉर्ड म्हणतात. तानपुऱ्यावरसुद्धा बहुतेक रागांना आपण प आणि साच मिळवतो. डिस्टॉर्शनमधून दोन सूर एकत्र घातले की त्यांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकी होऊन नवे सूर जन्मतात. सा आणि प यांचं प्रमाण दोनास तीन. वजाबाकी एक, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज. न वाजवलेला खर्ज आपसूक मिळतो. त्यात गंधार घातला की गडबड होते. गिटारचा शुद्ध गंधार पेटीसारखाच थोडा चढा असतो, त्यामुळे त्याच्यापासून निघालेले नवे सूर एकमेकांना धक्के देतात आणि सगळं गढूळ होतं. हे पोरांना एकदा गिटारवर वाजवून दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

आणि मग तीव्र मध्यम. सॅबथच्या पहिल्या अल्बमातलं पहिलं गाणं, बँडच्याच नावाचं, तीन सुरांवर उभं आहे: सा, वरचा सा, आणि तिथून खाली येऊन तीव्र म. तिथंच थांबतो, पंचमावर जात नाही. आपल्याकडे मारवा किंवा पूरिया ऐकणाऱ्याला तीव्र मध्यमाची ओढ माहीत आहे. इथं तोच सूर संथ, जड, डिस्टॉर्शनसकट, मागं पावसाचा आणि घंटेचा आवाज. १३ फेब्रुवारी १९७० ला हा अल्बम आला. हेवी मेटलची सुरुवात कुठून धरायची यावर वाद घालणारे लोक आहेत, मी तरी इथूनच धरतो.

सगळे एका खोलीत

तो पहिला अल्बम १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनला एका दिवसात रेकॉर्ड झाला. पैसे तेवढेच होते. चौघांनी एकत्र उभं राहून वाजवलं, रात्री बँडच्या कार्यक्रमात वाजवायचे तसंच. चुका झाल्या त्या बऱ्याचशा तशाच राहिल्या, कारण दुरुस्त करायला वेळ नव्हता. ड्रमचा आवाज गिटारच्या माइकमध्ये, गिटारचा ड्रमच्या माइकमध्ये असा मिसळला. त्याच मिसळीमुळे ऐकणाऱ्याला खोली जाणवते.

पुढं स्टुडिओ सुधारले. आधी ड्रम, मग बास, मग गिटार, शेवटी गाणं, असं थराथरानं रेकॉर्डिंग व्हायला लागलं. प्रत्येकजण कानात ठोका ऐकत एकटा वाजवतो. चूक झाली तर तेवढाच तुकडा बदलतात. आवाज स्वच्छ होतो यात शंका नाही. पण चार माणसं एकमेकांकडे पाहत वाजवताना लय जी किंचित पुढं-मागं होते ती निघून जाते. मैफलीत तबलजी आणि गायक समेवर एकमेकांकडे बघून येतात. दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवा, सम तीच राहील, तिच्यातली गंमत जाईल.

‘थर्टीन’च्या वेळी रिक रुबिननं आयोमी, बटलर आणि गायक ऑझी ऑस्बर्न यांना बसवून त्यांचाच पहिला अल्बम ऐकवला. त्याचं म्हणणं असं की, हेवी मेटल नावाचा प्रकार तेव्हा नव्हताच, म्हणून आज मेटल अल्बम करायला बसू नका, हा पहिला अल्बम नुकताच झालाय आणि आता दुसरा करायचाय असं समजा. मला हे फार पटतं. मधल्या चाळीस वर्षांत सॅबथची नक्कल करणारे शेकडो बँड झाले होते. बेसावधपणे वाजवायला बसलं तर सॅबथ स्वतःच्याच नकलाकारांची नक्कल करायला लागला असता. रुबिननं त्यांना एकत्र वाजवायला लावलं, गिटारचे थरावर थर चढवायला आळा घातला.

ऑझीसोबतचा सॅबथचा आधीचा स्टुडिओ अल्बम १९७८ चा. म्हणजे ३५ वर्षांचं अंतर. त्यात २०१२ च्या सुरुवातीला आयोमीला लिम्फोमा, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, असल्याचं निदान झालं. उपचार चालू असताना बाकीचे इंग्लंडला त्याच्या घरच्या स्टुडिओत गेले आणि त्याला बरं वाटेल तेव्हा काम केलं. अल्बम जून २०१३ मध्ये आला. ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, १९७० च्या ‘पॅरानॉइड’नंतर जवळजवळ ४३ वर्षांनी. अमेरिकेत तर सॅबथचा तो पहिलाच पहिला क्रमांक.

ऐकताना मला त्यात दोन प्रकारची गाणी दिसतात. पहिलं गाणं ‘एंड ऑफ द बिगिनिंग’ हे १९७० च्या पहिल्या गाण्याला अगदी गिरवून काढलंय: तसाच संथ आरंभ, तसाच मधला थांबा, मग तसाच वेग. कौतुक वाटतं, पण पुढं काय येणार हे आधीच कळतं. दुसरं गाणं ‘गॉड इज डेड?’ मात्र संथ चढत जातं आणि कुठल्याही जुन्या गाण्याची आठवण करून न देता जुनं वाटतं. सवयी परत आणल्या आणि गाणं नवं ठेवलं की असं होतं. अल्बमच्या शेवटी तोच पाऊस, तीच घंटा वाजते, जिथून पहिला अल्बम सुरू झाला होता. वर्तुळ मुद्दाम पूर्ण केलंय. मला ते आवडलं.

जे परत आलं नाही

‘थर्टीन’मध्ये बिल वॉर्ड नाही. करारावरून बिनसलं आणि मूळ ड्रमवादकाऐवजी रेज अगेन्स्ट द मशीन या बँडचा ब्रॅड विल्क आला. विल्क उत्तम वाजवतो. ठोका पक्का, आघात जोरदार. पण वॉर्ड जाझ ऐकत वाढलेला. जीन क्रूपा हा त्याचा आदर्श. जाझमध्ये मात्रेचे दोन सारखे भाग करत नाहीत, पहिला लांब आणि दुसरा आखूड ठेवतात, त्यानं लय झुलते. वॉर्ड सॅबथच्या जड रिफखाली, म्हणजे गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्याखाली, ही झुलती लय घालायचा. त्यामुळे सुरुवातीचा सॅबथ कितीही जड असला तरी हलता आहे. ‘थर्टीन’ जड आहे आणि सरळ चालतो. पट्टी, खोली, निर्माता सगळं जमवता आलं, एका माणसाचा हात नाही आला. माझ्या दृष्टीनं या अल्बममधली ती सगळ्यात मोठी उणीव.

म्हणून ५ जुलै २०२५ ची रात्र महत्त्वाची. बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानात, जिथं ते वाढले त्याच भागात, वॉर्डसकट चौघंही वीस वर्षांनी एकत्र वाजले. ऑझी उभा राहू शकत नव्हता, खुर्चीत बसून गायला. २२ जुलैला तो गेला. आता तो मूळ आवाज पुन्हा व्हायचा नाही.

गळ्याचंही तसंच. गिटार हवी त्या पट्टीत लावता येते, गळा येत नाही. ‘थर्टीन’च्या वेळी ऑझी ६४ वर्षांचा होता आणि चाली त्याच्या गळ्याच्या मापानं बांधलेल्या ऐकू येतात, वरच्या जागा टाळून. मेटालिकाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. ‘डेथ मॅग्नेटिक’ त्यांनी स्टुडिओत बहुतेक पांढरी तीनला वाजवला, पण मंचावर ती गाणी अर्धा स्वर खाली, काळी दोनला वाजतात. २०११ च्या ऑक्टोबरात मेटालिका बंगळुरूला आले तेव्हा आम्ही काही जण मिरजेहून रेल्वेनं गेलो होतो. तिथंही तसंच. त्यांचा गायक जेम्स हेटफिल्डचा गळा जिथं सुखानं लागतो तिथं गिटार आणायची. आपल्याकडे गायकानं पट्टी उतरवली तर कुणाला नवल वाटत नाही.

मेटालिकाचा परतीचा रस्ता

मेटालिकाचं सुरुवातीचं वैशिष्ट्य जडपणाहून जास्त वेग आणि धार. ‘किल एम ऑल’ १९८३, ‘राइड द लाइटनिंग’ १९८४, ‘मास्टर ऑफ पपेट्स’ १९८६. यातली मुख्य कला उजव्या हातात आहे. तळहाताची कडा घोडीपाशी तारांवर हलकी टेकवायची म्हणजे सूर दबून ‘धग्-धग्’ असा येतो, याला पाम म्यूट म्हणतात. आणि पिक (तारा छेडायची चकती) वर-खाली न करता फक्त खाली मारायचा. वर-खालीत दर दुसरा ठोका हलका पडतो. सगळे खाली मारले की प्रत्येक ठोका सारख्या वजनाचा. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ मिनिटाला दोनशेहून जास्त ठोक्यांच्या वेगात असं वाजवून बघा, दोन मिनिटांत कोपरापर्यंत हात भरून येतो. माझ्याकडच्या पोरांना मी हे गाणं निम्म्या वेगानं सुरू करायला लावतो आणि मनगट ताठ झालं की लगेच थांबवतो.

१९९१ पासून निर्माता बॉब रॉकसोबत त्यांनी गाणी आखूड केली, वेग कमी केला, आणि जगभर पोचले. २००३ च्या ‘सेंट अँगर’मध्ये गिटार बहुतेक गाण्यांत पांढरी एकपर्यंत खाली गेली, सोलो (एकट्या गिटारचा तुकडा) एकही नाही, आणि स्नेअर ड्रमच्या (संचातल्या मुख्य चपट्या ड्रमच्या) खालच्या तारा सोडून दिल्यामुळे तो पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा घणघणतो. चाहते हबकले. मला त्या अल्बममागचा प्रामाणिकपणा कळतो, पण तो मी पुन्हा ऐकत नाही.

मग रुबिन आला. त्यानं सांगितलं, ‘मास्टर ऑफ पपेट्स’च्या काळात काय ऐकत होतात, कसं वाजवत होतात तिकडे जायला घाबरू नका. स्टुडिओत जाऊन गाणी जुळवायची सवय मोडली, आधी गाणी बसवा मग रेकॉर्ड करा. निर्णयांची यादी केली तर उलटा प्रवास सरळ दिसतो. पट्टी परत वर आली, तारा घट्ट झाल्या आणि वेगवान पाम म्यूटला धार आली. ढिल्या तारेवर ते काम गचाळ होतं. गिटारवादक कर्क हॅमेटचे सोलो परतले. गाणी सहा-सात-आठ मिनिटांची झाली, एकात चार-पाच भाग. १९८८ नंतर पहिल्यांदा एक संपूर्ण वाद्यसंगीताची रचना आली. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांतच ४,९०,००० प्रती खपल्या.

एक खोट मात्र इथंच सांगून टाकतो. जुने अल्बम रेकॉर्डच्या दोन बाजूंत मावायला हवे होते. सॅबथचा पहिला ४० मिनिटांच्याही आतला, ‘मास्टर ऑफ पपेट्स’ ५५ मिनिटांच्या आसपास. माध्यम आखडतं असलं की माणूस निवड करतो. आपल्या मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या काढा, तीन-साडेतीन मिनिटांत राग उभा केलाय. ‘डेथ मॅग्नेटिक’ जवळपास ७५ मिनिटांचा आहे. सीडीत मावतं म्हणून सगळं ठेवलं. कात्री चालवली असती तर तो अल्बम किती उंच गेला असता.

चढवलेला आवाज

या अल्बमची सगळ्यात मोठी फसगत आवाजाच्या पातळीत झाली आणि ती समजून घेण्यासारखी आहे. डिजिटल ध्वनीला वरची एक ठाम मर्यादा असते. तिच्यापुढं जागाच नाही. मग अल्बम दुसऱ्यांच्या अल्बमपेक्षा मोठा वाजावा म्हणून काय करतात? हळू भाग वर उचलतात आणि उंच माथे छाटतात. सरासरी चढते, पण हळू आणि मोठ्यातलं अंतर मिटतं. स्नेअरचा फटका बाकी आवाजाच्या वर उसळायला हवा, त्याला उसळायला जागा उरत नाही. आणखी चढवलं की लहरी सपाट कापल्या जातात आणि चरचर ऐकू येते. गिटारचं डिस्टॉर्शन वादकानं मागून घेतलेलं असतं, ही चरचर कुणी मागितलेली नसते. मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर छाती हादरते पण ढोल कुठला आणि हलगी कुठली हे उमगत नाही, तसं होतं.

‘डेथ मॅग्नेटिक’चं असंच झालं, आणि ते उघडकीला आलं एका व्हिडिओ गेममुळे. ‘गिटार हिरो’ या खेळासाठी तीच गाणी वेगळी दिलेली होती, शेवटची ही चढवाचढवी न केलेली. खेळणाऱ्यांनी दोन्ही लावून पाहिलं आणि गेममधला अल्बम स्वच्छ निघाला. दहा हजारांहून जास्त लोकांनी अल्बम पुन्हा मिक्स करा म्हणून सह्या केल्या. मास्टरिंग, म्हणजे अल्बमच्या आवाजाची शेवटची जुळवणी, करणाऱ्या टेड जेन्सनचं म्हणणं पुढं आलं की त्याच्याकडे आला तेव्हाच आवाज छताला टेकलेला होता.

पट्टी १९८६ ची, वेग १९८६ चा, रचना १९८६ ची, आणि वर २००८ सालचा चढाओढीचा आवाज. जुना ‘मास्टर ऑफ पपेट्स’ लावून मग हा लावलात तर आधी कान दुखतात, मग गाणं कळतं. बँडनं स्वतःच्या सवयी बदलल्या, पण अख्ख्या धंद्याची त्या काळची सवय तशीच राहिली. ‘थर्टीन’सुद्धा १९७० च्या अल्बमच्या मानानं बराच चढवलेला आहे, फक्त गाणी संथ असल्यानं तितकं खुपत नाही. आता स्पॉटिफाय, यूट्यूबसारख्या सेवा सगळी गाणी साधारण एका पातळीवर आणून वाजवतात, जास्त चढवलेलं गाणं खाली ओढलं जातं. त्यामुळे चढवण्यातला फायदाच उरला नाही. पुढच्या परतीच्या अल्बमांना याचा उपयोग होईल अशी मला खरी आशा आहे.

ऐकायचं कसं

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. काळी एकला लावलेली जाड तार सेकंदाला साधारण ६९ कंपनं करते. तेवढा खालचा सूर त्या चिमुकल्या स्पीकरला पेलत नाही, वरच्या स्वरांवरून कान अंदाज बांधतो एवढंच. बरे हेडफोन घ्या, आणि जुनी-नवी जोडी लावताना दोन्हींचा आवाज कानाला सारखा लागेल असा आधी करून घ्या, नाहीतर जो मोठा तोच चांगला वाटतो.

मग सॅबथच्या १९७० च्या अल्बममधलं पहिलं गाणं आणि ‘थर्टीन’मधलं पहिलं गाणं लागोपाठ. नंतर ‘मास्टर ऑफ पपेट्स’, ‘सेंट अँगर’ आणि ‘डेथ मॅग्नेटिक’ यांतलं एकेक, याच क्रमानं. पहिल्या खेपेला फक्त ड्रम ऐका: स्नेअर रिफच्या ठोक्यावर नेमका पडतो की किंचित रेंगाळतो, आणि पडल्यावर उसळतो की दबतो. तारांकडं दुसऱ्या खेपेला वळा.